शब्दांची संगत : नामास साजेशी विशेषणे व क्रियापदे

विषयप्रवेश

बंगळुरू शहराच्या दक्षिण भागात जे. पी. नगर ही विस्तीर्ण वसाहत आहे. लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव तिला देण्यात आले आहे. येथील रस्त्यावर कन्नडबरोबर तमिळ, तेलुगू, उर्दू व हिंदी याही भाषा कानी पडतात. मराठी कुटुंबेही येथे राहतात. त्यांची मुले शाळेत इंग्रजी व कन्नड शिकतात आणि मराठी केवळ घरात बोलतात. अशा एखाद्या घराची आपण कल्पना करू. डिसेंबर महिन्यातील सकाळी शाळेस निघालेली मुलगी आजीस म्हणते, "आजी, मला थंडी होते आहे." आजी तिच्या अंगात स्वेटर घालते आणि हसून म्हणते, "थंडी होत नाही गं, थंडी वाजते."

आजीचे म्हणणे योग्य आहे, यात शंका नाही. परंतु ते योग्य का आहे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मुलीच्या वाक्यातील तिन्ही शब्द अस्सल मराठी आहेत. लिंग, वचन, विभक्ती, काळ यांपैकी कशातही चूक नाही. तरीही मराठी कानाला ते वाक्य खटकते. उलट, आजीच्या वाक्यातील 'वाजणे' हे क्रियापद घंटेला वा सनईला शोभणारे. ते थंडीला कसे जोडले गेले, असे मुलीने विचारले असते, तर आजीस उत्तर देणे कठीण गेले असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. भाषा येणे म्हणजे केवळ शब्द व व्याकरणाचे नियम ठाऊक असणे नव्हे. कोणत्या नामाच्या शेजारी कोणते विशेषण बसते आणि कोणते क्रियापद शोभते, हेही ठाऊक असावे लागते. शब्दांच्या या परस्परसंबंधास आपण 'शब्दांची संगत' असे म्हणू. ही संगत केवळ शोभेची बाब नाही. पुष्कळदा तिच्यात वस्तूचे सूक्ष्म निरीक्षण साठविलेले असते. आणि म्हणूनच शास्त्रीय विषयावर मराठीत लिहिणाऱ्याने व वाचणाऱ्याने तिचा अभ्यास करणे अगत्याचे आहे.

संगत म्हणजे काय?

शब्दांच्या जोड्या स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात निवड मोकळी असते. 'पुस्तक' या नामाबरोबर घेणे, देणे, ठेवणे, उघडणे, हरवणे अशी कितीतरी क्रियापदे येऊ शकतात. तिसऱ्या टोकाला वाक्प्रचार असतात. 'कान फुंकणे' याचा अर्थ कान आणि फुंकणे या दोन शब्दांच्या अर्थांची बेरीज करून मिळत नाही. या दोहोंच्या मध्ये जो प्रकार आहे, तोच आपला विषय होय. 'निष्कर्ष काढणे', 'भूक लागणे', 'गाढ झोप', 'मिट्ट काळोख' या जोड्यांचा अर्थ सहज कळतो. परंतु त्यांतील एक शब्द बदलून समानार्थी दुसरा घालता येत नाही. 'निष्कर्ष उपसणे' किंवा 'दाट झोप' असे कोणी म्हणत नाही.

या प्रकाराकडे भाषाशिक्षकांचे लक्ष विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विशेषत्वाने वेधले गेले. जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविताना हॅरल्ड पामर यांनी अशा इंग्रजी जोड्यांचा संग्रह केला आणि १९३३ साली टोकियो येथे त्यावरील अहवाल प्रसिद्ध केला. पुढे जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने याच कल्पनेला शास्त्रीय रूप दिले. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोर येथे पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय. माणसाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, असे आपल्याकडेही म्हणतातच. शब्दांनाही तोच न्याय लागू पडतो.

क्रियापद नामाचा अर्थ ठरविते

फर्थ यांच्या विचाराची प्रचीती मराठीतील साध्या उदाहरणांवरून घेता येते. 'वीज' हे नाम घ्या. 'काल रात्री वीज पडली' आणि 'काल रात्री वीज गेली' या दोन वाक्यांत नाम एकच आहे. परंतु पहिल्यात आकाशातील विद्युत् आहे आणि दुसऱ्यात घरातील दिव्यांची. हा भेद केवळ क्रियापदाने सांगितला. आकाशातील वीज चमकते, कडाडते, पडते. तारेतील वीज येते, जाते, खेळते.

'प्रयोग' या शब्दाचेही असेच आहे. जे. पी. नगरात २००४ साली उघडलेले 'रंग शंकरा' हे नाट्यगृह आहे. तेथील नाटकाविषयी बोलताना आपण 'प्रयोग रंगला' किंवा 'प्रयोग पडला' असे म्हणू. प्रयोगशाळेत मात्र प्रयोग रंगत नाही. तो यशस्वी होतो किंवा फसतो. नुसते 'रंगला' हे पद ऐकताच श्रोत्याच्या मनापुढे रंगमंच उभा राहतो.

आता शास्त्राच्या इतिहासात वारंवार येणारा 'शोध' हा शब्द पाहू. शोध घेतात, शोध लागतो आणि शोध लावतात. या तीन क्रियापदांनी एकाच नामाचे तीन निरनिराळे प्रसंग दाखविले जातात. शोध घेणे म्हणजे धुंडाळणे. त्यातून काही हाती येईलच असे नाही. शोध लागणे म्हणजे वस्तू गवसणे. मग ती कोणी धुंडाळलेली असो वा नसो. शोध लावणे म्हणजे त्या गवसण्याचे श्रेय कर्त्याकडे देणे. विल्यम हर्शेल यांना १७८१ साली दुर्बिणीतून युरेनस दिसला, तेव्हा ते नवा ग्रह धुंडाळीत नव्हते. प्रथम तो धूमकेतू असावा, असेच त्यांना वाटले. येथे शोध न घेताच शोध लागला. रोनाल्ड रॉस यांची कथा याउलट आहे. काही काळ बंगळुरूतही नोकरी केलेल्या या डॉक्टरांनी डास व मलेरिया यांच्या संबंधाचा शोध दीर्घकाळ घेतला. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरभित्तीत त्यांना मलेरियाचे परजीवी आढळले, म्हणजेच शोध लागला. 'रॉस यांनी १८९७ साली शोध घेतला' असे एखाद्याने लिहिले, तर वाक्य व्याकरणशुद्ध राहील. परंतु त्या दिवशी घडले काय, हेच वाचकास कळणार नाही.

शरीराची लक्षणे सांगणारी क्रियापदे

आपल्या मुलीच्या थंडीकडे आता परत वळू. मराठीत थंडी पडते आणि थंडी वाजते. पडते ती हवेत. वाजते ती अंगाला. 'या वर्षी थंडी लवकर पडली' हे हवामानाचे विधान आहे. 'मला थंडी वाजते' हे शरीराच्या अवस्थेचे विधान आहे. दोहोंचा संबंध असतो, पण तो नेहमीच असतो असे नाही. मलेरियाच्या रोग्यास भर वैशाखातही थंडी वाजून ताप येतो. अशा वेळी मेंदू शरीराचे तापमान वाढविण्याचा हुकूम देतो आणि स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात. रोग्याला मात्र गारठल्यासारखे वाटते. हवेतील थंडी आणि अंगातील थंडी यांतील हा भेद मराठीने दोन क्रियापदांत नेमका बांधून ठेविला आहे. थंडीने दात वाजतात हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु 'थंडी वाजणे' हा संप्रदाय तेथूनच निघाला, असे मानण्याची आवश्यकता नाही. तो आज भाषेत आहे आणि उपयुक्त काम करतो, इतके पुरे.

झोपेचेही असेच दोन प्रसंग आहेत. झोप येते तेव्हा डोळे जड होतात. झोप लागते तेव्हा मनुष्य खरोखर निद्रिस्त होतो. 'झोप येते, पण लागत नाही' ही निद्रानाशाची एक तक्रार आहे. 'झोप लागते, पण मध्येच मोडते' ही दुसरी. दोन्ही तक्रारींवर उपाय एकच असेल असे नाही. रोग्याने केवळ 'झोप होत नाही' असे सांगितले, तर वैद्यास पुन्हा प्रश्न विचारावे लागतात.

इतर लक्षणांकडे पाहिले तर ताप, घाम, शिंक, जांभई व चक्कर ही 'येतात', भूक, तहान, धाप, उचकी व ठसका 'लागतात', सर्दी, उलटी व जुलाब 'होतात', हुडहुडी 'भरते'. ताप आला की तो चढतो, उतरतो आणि शेवटी निघतो. या वाटणीमागे एखादा अभंग नियम आहे, असे म्हणता येणार नाही. पण जे लागते ते काही काळ मनुष्यास धरून ठेवते आणि त्याचे निवारण करावे लागते, अशी छटा 'लागणे' या क्रियापदात बहुधा आढळते. नियम पाठ करण्यापेक्षा नाम व क्रियापद एकत्रच लक्षात ठेवणे, हाच येथे राजमार्ग होय.

एका तळ्याचे उदाहरण

संगतीत निरीक्षण कसे साठविलेले असते, हे पाहण्यास जे. पी. नगरातीलच दुसरे स्थळ उपयोगी पडेल. या वसाहतीत पुट्टेनहळ्ळी तलाव आहे. बंगळुरूतील जुने तलाव हे बहुधा पावसाचे पाणी अडवून केलेले आहेत. कन्नडमध्ये त्यांना 'केरे' म्हणतात. हा तलाव दुरवस्थेत गेला होता; २०१० च्या सुमारास त्याचे पुनरुज्जीवन करण्यात आले आणि परिसरातील रहिवाशांनी त्याची निगा राखण्यासाठी पुढाकार घेतला.

उन्हाळ्यात अशा तळ्याचे काय होते, हे मराठीत सांगावयाचे झाल्यास आपण 'तळे आटले' असे म्हणतो. 'तळे वाळले' असे म्हणत नाही. कपडे मात्र वाळतात. ते आटत नाहीत. रोप सुकते, फूल कोमेजते, घसा कोरडा पडतो, जखम भरून येते, कढईतील दूध आटते. इंग्रजीत यांपैकी बहुतेक ठिकाणी एकाच क्रियापदाने काम भागते. मराठीने निरनिराळी क्रियापदे का ठेविली असावीत?

थोडा विचार केल्यास उत्तर सापडते. आटणे म्हणजे द्रवाचेच परिमाण कमी होणे. तळे, विहीर, ओढा व दूध यांत पाणी हाच मुख्य पदार्थ असतो आणि तोच घटतो. वाळणे म्हणजे पदार्थ जागच्या जागी राहून त्यातील ओलावा निघून जाणे; कपडा, धान्य, पापड व शाई यांचे असेच होते. सुकणे व कोमेजणे ही क्रियापदे सजीवांच्या बाबतीत येतात, तेव्हा ओलाव्याबरोबर टवटवी गेल्याचे सुचवितात. वाफ होऊन पाणी हवेत जाते, ही भौतिक क्रिया या सर्वांत समान आहे; परंतु मागे काय उरते, हे प्रत्येक क्रियापद निराळे सांगते. तळे आटले की मग त्याच्या तळाचा चिखल वाळतो. एका वाक्यात दोन्ही क्रियापदे आपापल्या जागी बसली, तर वाचकापुढे क्रम स्पष्ट उभा राहतो. ती अदलाबदलीने घातली, तर चित्र विस्कटते.

विशेषणांची निवड

क्रियापदांप्रमाणे विशेषणांचीही नामांशी संगत असते. 'अतिशय' हा एकच भाव निरनिराळ्या नामांबरोबर निरनिराळे रूप घेतो. काळोख मिट्ट असतो, शांतता नीरव असते, थंडी कडाक्याची, ऊन रणरणते, वारा सोसाट्याचा, चांदणे टिपूर आणि झोप गाढ असते. रंगांची तीच गोष्ट आहे. पांढरे ते शुभ्र, काळे ते कुट्ट, हिरवे ते गार, पिवळे ते धमक आणि लाल ते बुंद. या सर्व ठिकाणी 'खूप' किंवा 'प्रचंड' असे एकच विशेषण घालून काम भागविण्याची सवय हल्ली वाढत आहे. 'प्रचंड काळोख', 'प्रचंड झोप', 'प्रचंड शांतता' असे लिहिले म्हणजे चूक होत नाही, पण प्रत्येक वस्तूचा निराळा गुण पुसून जातो.

पुष्कळदा हा गुण मोजता येण्याजोगा असतो. पाऊस मुसळधार असतो, संततधार असतो किंवा रिमझिम असतो. मुसळधार हे विशेषण पावसाचा जोर सांगते. संततधार त्याचा कालावधी सांगते. पर्जन्यमापकात ६० मिलिमीटर पाणी जमले, एवढ्यावरून पाऊस कसा पडला हे कळत नाही. तेच पाणी तासाभरात कोसळले असेल, तर बरेचसे वाहून जाईल आणि रस्ते तुंबतील. दिवसभर संथपणे पडले असेल, तर पुष्कळसे जमिनीत मुरेल. हवामानशास्त्रज्ञ यासाठी तीव्रता व कालावधी असे दोन निराळे आकडे ठेवतात. मराठी शेतकऱ्याने तेच काम दोन विशेषणांनी केले आहे.

इंग्रजीतील एकाच विशेषणासाठी मराठीत जाड, दाट व घट्ट असे तीन शब्द येतात, हेही असेच उद्बोधक उदाहरण होय. भाकरी जाड असते, धुके दाट असते, दही घट्ट असते. जाडी ही लांबीप्रमाणे मोजावयाची. दाटपणा म्हणजे ठराविक जागेत कण, झाडे वा माणसे किती आहेत ते. घट्टपणा म्हणजे वाहण्यास होणारा विरोध. म्हणजे या तीन विशेषणांनी तीन निरनिराळे भौतिक गुण दाखविले जातात. वरण वा ताक यांच्याबाबत दाट व घट्ट यांची सीमारेषा पुसट होते, हे खरे. परंतु 'जाड धुके' असे भाषांतर करणाऱ्याने धुक्याची थर मोजण्याची पट्टी हाती घेतली, असाच वाचकाचा समज होईल.

रसायनशास्त्रात तर विशेषणाच्या निवडीवर सुरक्षितता अवलंबून असते. आम्ल तीव्र किंवा सौम्य असते. तसेच ते संहत किंवा विरल असते. तीव्र व सौम्य ही विशेषणे आम्लाची जात सांगतात, म्हणजे पाण्यात त्याचे आयनांत विघटन किती प्रमाणात होते ते दाखवितात. संहत व विरल ही विशेषणे द्रावणात आम्ल किती आणि पाणी किती, ते सांगतात. हायड्रोक्लोरिक आम्लात पुष्कळ पाणी मिसळले, तर ते विरल होते; पण जातीने तीव्रच राहते. ॲसेटिक आम्ल संहत असले, तरी जातीने सौम्यच असते. असे असूनही संहत ॲसेटिक आम्ल अंगावर पडल्यास त्वचा भाजते. बाटलीवर 'संहत' ऐवजी केवळ 'सौम्य' एवढेच लिहिले, तर शब्द खोटा ठरणार नाही. पण तो वाचून निर्धास्त झालेल्या विद्यार्थ्याचा हात मात्र भाजेल.

शेजारच्या भाषांचा परिणाम

मुलीच्या तोंडी 'थंडी होते' हा प्रयोग आला कोठून? बंगळुरूत याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. कन्नडमध्ये थंडी वाजत असल्यास 'चळि आगुत्तिदे' असे म्हणतात. 'आगु' म्हणजे होणे. भूक व तहान यांच्याबरोबरही कन्नडमध्ये हेच क्रियापद येते. मुलीने शब्द मराठीच ठेविले. पण त्यांची जोडणी शेजारच्या अंगणातून आणली. याचप्रमाणे पाऊस चालू असताना कन्नडमध्ये 'मळे बरुत्तिदे', म्हणजे शब्दशः 'पाऊस येतो आहे' असे म्हणतात. मराठीत मात्र 'पाऊस येतो आहे' हे वाक्य पुष्कळदा तो अजून वाटेवर असल्याचे सुचविते. नातीने हे वाक्य उच्चारल्यावर आजी आकाशाकडे पाहील. तोवर दोरीवरचे कपडे भिजून जातील.

म्हणून शेजारच्या भाषेस दोष द्यावा, असे मुळीच नाही. मराठी व कन्नड यांचा सहवास फार जुना आहे. १६३८ साली विजापूरच्या स्वारीनंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि मराठीचा येथे वावर वाढला. दोन्ही भाषांच्या जोड्या पुष्कळ ठिकाणी जुळतातही. 'ताप आला' यास कन्नडमध्ये 'ज्वर बंतु' म्हणतात आणि 'राग आला' यास 'कोप बंतु'. 'बंतु' म्हणजे आला. सांगलीनजीकच्या कुपवाड येथे मराठी, कन्नड व उर्दू बोलणारे लोक पिढ्यानपिढ्या एकत्र राहत आले. तेथील बोलींचा अभ्यास जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. प्रत्येक भाषेचे शब्द निराळे राहिले, पण वाक्यांची घडण मात्र परस्परांशी फार जुळून आली, असे त्यांना दिसले. भाषा शेजारी नांदू लागल्या की शब्दांच्या आधी शब्दांची जोडणी सरकते, असा बोध यातून घेता येतो.

यातच सावध होण्याचे कारण आहे. परभाषेतील शब्द आला तर तो चटकन ओळखू येतो. परभाषेतील जोडणी मात्र आपलेच कपडे घालून येते. म्हणून ती ध्यानात येत नाही. घराबाहेर मराठी न ऐकणाऱ्या मुलांच्या बाबतीत नामे बराच काळ टिकतात. संगत आधी सुटते. आणि संगत सुटली की तिच्यातील सूक्ष्म भेदही सुटतात. शेजारच्या भाषेतून एखादी नवी, उपयुक्त जोडी आली तर तिचे स्वागत करावे. परंतु तिच्यामुळे जुना भेद नाहीसा होत नाही ना, हे पाहावे.

भाषांतरातील धोका

छापील भाषांतरात हीच हानी मोठ्या प्रमाणावर होते. पारिभाषिक शब्द मिळावेत म्हणून पुष्कळ परिश्रम झालेले आहेत. महाराष्ट्र राज्याचे भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले आणि त्याने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेनेही मराठीतून विज्ञान पोचविण्याचे काम चालविले आहे. परंतु परिभाषा कोश मुख्यतः नामे पुरवितो. त्या नामापुढे कोणते क्रियापद यावे, हे भाषांतरकारासच ठरवावे लागते.

औषधाच्या सूचनेचे उदाहरण घेऊ. मराठीत औषध घेतात, लावतात, चोळतात, डोळ्यांत घालतात आणि हुंगतात. 'घेणे' म्हटले की ते पोटात जावयाचे. 'लावणे' म्हटले की ते त्वचेवर राहावयाचे. भाषांतरकाराने या सर्वांच्या ऐवजी 'औषध दिवसातून तीन वेळा वापरावे' असे लिहिले, तर वाक्य सभ्य दिसते. पण बाटली हाती घेतलेल्या वृद्ध माणसास ते प्यावे की चोळावे, हे उमगत नाही. एका क्रियापदाच्या चुकीने येथे जीवावर बेतू शकते.

निवड कशी करावी?

योग्य जोडी निवडण्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

१. प्रथम वस्तूकडे पाहावे, मूळ वाक्यातील शब्दाकडे नंतर. प्रत्यक्ष काय घडते, काय घटते, काय उरते, हे ठरवावे. तळ्याच्या उदाहरणात आपण हेच केले.

२. त्या वस्तूशी रोजचा व्यवहार असणारे लोक काय म्हणतात, ते ऐकावे. दुधाविषयी गवळ्यास, कापडाविषयी शिंप्यास, पावसाविषयी शेतकऱ्यास आणि दुखण्याविषयी घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे.

३. त्यानंतर कोश पाहावा. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. या कोशाचा एक विशेष असा की, अनेक नामांपुढे त्यांच्याबरोबर येणारी मराठी क्रियापदेही नोंदविलेली आहेत. पामर यांच्या अहवालाच्या शतकभर आधी मराठी कोशाने संगतीची ही नोंद घेतली होती. दाते व कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हाही ग्रंथालयात बहुधा मिळतो. जुन्या कोशातील काही जोड्या आज प्रचारात नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे.

४. शेवटी उलट तपासणी करावी. निवडलेले क्रियापद किंवा विशेषण आणखी कोणत्या नामांबरोबर येते, ते आठवावे. त्या नामांशी आपल्या नामाचे काही साम्य असेल, तर निवड बहुधा योग्य आहे. मग वाक्य मोठ्याने वाचावे. कान अडखळला, तर लेखणी थांबवावी.

उपसंहार

नाम वस्तू दाखविते. परंतु त्या वस्तूचे काय होते, तिचा कोणता गुण लक्षात घ्यावयाचा, हे तिच्या शेजारचे क्रियापद व विशेषण सांगते. पिढ्यानपिढ्या ज्यांनी पाऊस झेलला, दूध आटविले, रोग्याच्या उशाशी रात्री जागविल्या, त्यांचे निरीक्षण या जोड्यांत साठलेले आहे. शास्त्र मराठीत आणणाऱ्याने नवी नामे घडवावीत. मात्र ती घडविताना हा जुना ठेवा दृष्टीआड करू नये. जे. पी. नगरातील आजीने नातीची चूक सुधारली, तेव्हा हवेतील थंडी व अंगातील थंडी यांतील भेदच तिने नातीच्या हाती दिला. तो भेद पुढे केव्हातरी, थंडी वाजून ताप आला असता, डॉक्टरांस नेमके सांगताना तिच्या उपयोगी पडेल.

अभ्यास

१. 'विरघळणे', 'वितळणे', 'थिजणे' व 'गोठणे' ही क्रियापदे पाणी, तूप, बर्फ, मेण व साखर यांपैकी कोणत्या नामांबरोबर येतात? साखर चहात टाकली असता आणि कोरड्या कढईत तापविली असता क्रियापद का बदलते?

२. 'दाब', 'भेग', 'गाळ', 'गंज' व 'बुरशी' या प्रत्येक नामाबरोबर येणारी निदान दोन क्रियापदे लिहा आणि त्यांच्या अर्थांतील भेद सांगा.

३. 'कडक' हे विशेषण चहा, ऊन, शिस्त व भाकरी यांच्याबरोबर येते. प्रत्येक ठिकाणी ते कोणता गुण दाखविते? यांपैकी कोणता गुण मोजता येईल?

४. आपल्या घरातील औषधांच्या तीन वेष्टनांवरील सूचना वाचा. प्रत्येक सूचनेत 'वापरावे' या क्रियापदाऐवजी अधिक नेमके मराठी क्रियापद सुचवा.

५. आपल्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या भाषेत भूक, तहान, झोप व ताप यांच्याबरोबर कोणती क्रियापदे येतात, ते त्या भाषेच्या शेजाऱ्यांस विचारून लिहून घ्या. मराठीशी कोणत्या जोड्या जुळतात आणि कोणत्या जुळत नाहीत, याचे कोष्टक तयार करा.